तातू मेस्त्री आणि माझी छऱ्याची बंदूक

तातू मेस्त्रींनी कोणाला "या, बसा" म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. रस्त्याकडेला त्यांचा एका खोलीचा मांगर होता, तोच त्यांचा कारखाना. दारात पाण्याची बादली, बादलीत नारळाची करवंटी आणि शेजारी डबाभर राख. पायरीवर पाऊल पडलं की आतून आवाज येई, "पयले हात धुवा, मगे बोला." गिऱ्हाईक कोण आहे हे ते मान वर करून बघतसुद्धा नसत. एकदा कचेरीतले एक साहेब कुलूप घेऊन आले होते, इस्त्रीचे कपडे, पायात बूट. त्यांनाही राख चोळायला लावली, आणि वर "नखां ऱ्हवली" म्हणून बादलीकडे परत पाठवलं. साहेबांनी मुकाट्याने नखं घासली, कारण ते कुलूप उघडू शकणारा दुसरा माणूस आसपास नव्हता.

यात सोवळं-ओवळं काही नव्हतं. आमच्या किनाऱ्यावर वाऱ्यातच मीठ, आणि माणसाच्या हातालाही मीठ आणि माशाचा वास कायमचा. "मिठाचो हात लागलो काय लोखांड चार दिवसांत रडाक लागता," ते म्हणत. ज्या दिवशी बंदुकीचं काम असेल त्या दिवशी काम संपेपर्यंत ते स्वतः मासे खात नसत. मालवणात राहून ताटातला बांगडा बाजूला सारणारा माणूस बघून माझ्या सासूबाईंना वाटे, याने कसला तरी नवस केला असणार. तसं त्या चारचौघांत बोलूनही दाखवत.

लढाईच्या काळात तातू मेस्त्री पलटणीच्या हत्यारं दुरुस्त करण्याच्या कारखान्यात होते. परत आले ते एक पत्र्याची ट्रंक, कोऱ्या चहाची सवय आणि कमी बोलायची खोड घेऊन. गावातल्या माणसांना लढाईच्या गोष्टी ऐकायच्या होत्या. "काय बघलंस रे लढाईत?" असं कोणी विचारलं की मेस्त्री म्हणत, "इस्क्रू." दोन-तीनदा हे उत्तर ऐकल्यावर लोकांनी विचारणं सोडलं.

पोटासाठी ते शिवणयंत्रं, कुलपं, बत्त्या, सगळं करीत. जीव मात्र छऱ्याच्या बंदुकीत. या बंदुकीला दारू लागत नाही आणि तेव्हा परवानाही लागत नसे. नळी मधूनच मोडून खाली दाबायची, की दस्त्याच्या पुढच्या भागातली स्प्रिंग आवळली जाते आणि खटक्यावर अडून बसते. नळीत छर्रा घालून नळी मिटायची. चाप दाबला की खटका सुटतो, स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते आणि दट्ट्यापुढची हवा छऱ्याला घेऊन जाते. कलमांची बाग असलेल्या प्रत्येक घरात अशी एखादी बंदूक खुंटीला असायचीच, आणि बिघडली की ती मेस्त्रींकडे यायची.

त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट ही तर गावात थट्टेची गोष्ट होती. त्या बोटाने ते गरम कपबशी धरीत नसत, कोणाकडे रोखून दाखवीत नसत, जेवतानासुद्धा ते जरा उचलून धरीत. एकदा कालवं फोडताना त्याच बोटाला चीर पडली, तर आठ दिवस कारखाना बंद. कोणी हसलं की म्हणत, "ह्या बोटाक येकच काम. बाकीची चार आसत मां बाकीच्या कामाक." ते काम म्हणजे चाप जोखणं. डोळे मिटून, बोटाचं पेर चापावर ठेवून ते इतके स्तब्ध बसत की वैद्य नाडी बघतोय असं वाटे.

मी त्यांच्याकडे गेले ती माझ्या गरजेने. गोवा सुटायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. आमचे हे बोटीवर नोकरीला, वर्षातून महिनाभर घरी. बाग, माड आणि सासूबाई यांना मी सांभाळायची. सलग दोन हंगाम माकडांनी कलमांचा सत्यानाश केला. मोहर ओरबाडला, सुपारीएवढ्या कैऱ्या चावून टाकल्या. आमचे थोरले दीर आबा शेजारच्याच घरात राहत. त्यांनी ह्यांना पत्र टाकलं, की बाईमाणसाला बाग झेपत नाही, मक्त्याने देऊन टाक आणि बायकोला मुंबईला ने. ह्यांचं मला उत्तर आलं: हा एक हंगाम बघ, नाहीतर वैशाखात बिऱ्हाड हलवू. मुंबईच्या चाळीतली आमची खोली मी बघून आले होते. तिथे जायचं मला नको होतं. या मातीवर माझा जीव जडला होता, आणि हे मी कोणाला सांगितलंही नव्हतं.

तेव्हा मी हात धुऊन, नखं घासून मेस्त्रींसमोर उभी राहिले. त्यांनी मशीनवरची नजर न काढता विचारलं, "वयनीनू, बंदूक कोणाक मारूक व्हयी?"

"मारूक नको, मेस्त्रीनू. मारुतीरायाचां जनावर तां. झाडार डबो टांगतलंय, केडल्याच्या बाजूचो डबो वाजवूक व्हयी."

आमच्याकडे तांबड्या तोंडाच्या माकडाला केडला म्हणतात. त्याला छर्रा लावणं पाप, आणि नुसत्या ओरडण्याला तो भीक घालत नाही. पण कानाशी पत्रा खणकन वाजला की टोळी पळते. हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त डब्याऐवजी केडल्याला लागेल म्हणून कोणी धजत नसे. मेस्त्रींनी पहिल्यांदा मान वर केली.

"मगे तुमका बरो चाप व्हयो," ते म्हणाले. "मारणाऱ्याक कसलोय चालता."

बंदूक कोल्हापूरला मिळणार होती. फोंडाघाटावरून एस.टी.ने आम्ही तिघं गेलो, सासूबाई अंबाबाईच्या दर्शनाच्या निमित्ताने. दुकानदाराने तीन बंदुका मांडल्या. एकीचा दस्ता अक्रोडाचा, त्यावर पानाफुलांची कोरीव वेल, बघताक्षणी माझं मन तिच्यावर बसलं. तिसरीचा दस्ता काळपट, मधोमध लाकडाची गाठ. मेस्त्रींनी आधी दुकानदाराकडे पाणी आणि राख मागितली. राख नाही म्हटल्यावर साबणावर तडजोड झाली.

मग सुरू झालं. प्रत्येक बंदूक नळी मोडून कान लावून ऐकली, स्प्रिंग आवळताना घासते का. नळी मिटून हलवून बघितली, सांध्यात खुळखुळते का. नळीच्या बुडाचा चामड्याचा वायसर नखाने दाबून बघितला. दुकानदार कंटाळून म्हणाला, "अहो, नुसतीच उडवून बघा की!"

मेस्त्रींना हे फार लागलं. "कोरी सोडूची नाय, शेट. वारो अडवूक फुडे छर्रो नसलो काय दट्ट्यो जावन आपाटता." मग परसात गोणपाटाची गठडी ठेवून, छर्रे घालून, प्रत्येक बंदुकीचे दहा-दहा बार त्यांनी काढले. नेम धरायचा, डोळे मिटायचे आणि बोट मागे घ्यायचं. अक्रोडवालीचा चाप नुसतं टेकलं तरी सुटत होता. "बघा, लोणी आहे लोणी," दुकानदार म्हणाला.

"हलको चाप आणि बरो चाप ह्ये दोन येगळे," मेस्त्री म्हणाले. त्यांनी तीच बंदूक आवळली, एवढ्या वेळेपुरता आपलाच नियम बाजूला ठेवून छर्रा न घालता मोडलेली नळी डाव्या हाताने घट्ट धरली आणि दस्ता गोणपाटावर जोराने आपटला. चापाला कोणी हात लावला नव्हता, तरी खटका सुटला आणि नळी वर उसळली. त्यांनी ती धरून ठेवली म्हणून, नाहीतर कातरीसारखी मिटली असती. "छर्रो घालताना हयसर बोट आसता," एवढंच ते बोलले.

मग मला बोलावलं. "डोळे मिटा, वयनीनू. बोट हळू मागे घेवा. काय कळतां तां सांगा." दुसरीचा चाप खरखरत, अडखळत मागे आला आणि मध्येच कुठेतरी सुटला. त्या गाठवालीचा आधी सैल आला, मग थांबला. थांबलेला मला स्पष्ट कळला. अजून जरासा जोर दिला आणि काहीही न घसरता तो सुटला. मी आणखी पाच वेळा करून बघितलं.

"दर बाराक थंयच थांबता?"

"थंयच."

"मगे हीच व्हयी."

मी रुसले, खोटं कशाला सांगू. एवढ्या लांब येऊन गाठीचं लाकूड घरी न्यायचं! परतीच्या गाडीत मी ते बोलून दाखवलं. मेस्त्री म्हणाले, "दस्तो गणपतीच्या पावण्यांका दाखवूक. चाप तुमच्या बोटाक." सासूबाई पदराआड हसल्या, आणि मी घाट उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

शिकवणी सुरू झाली आणि "वयनीनू"ची "बाये" झाली, "तुम्ही"चं "तू" झालं. ते कधी झालं ते मला कळलं नाही, पण बरं वाटलं. पहिले आठ दिवस बंदुकीला हात नाही. फणसाच्या फळकुटावर जुन्या कुलपाचा खटका बसवून त्यांनी एक लाकडी चाप करून दिला. चुलीवर भात असेपर्यंत मी तो दाबत बसायची. "ओढतंस कित्याक? शीत शिजलां काय बघताना दाबतंस, तसो दाब." मग बंदूक. ती मी अंग ताठ करून छातीशी आवळली, तर म्हणाले, "आवळू नको गो. ही आधी मागे येता, मगे फुडे जाता. तिका जावक दी." खरोखरच, हलक्या हाताने धरली की छर्रा जागेवर जाई आणि आवळली की भलतीकडे.

पण सगळ्यात जास्त ओरडणं एका गोष्टीवर. नळी मोडल्यापासून छर्रा घालून ती मिटेपर्यंत डावा हात नळीवरच हवा. सुटला की "हात!" अशी आरोळी. दिवसातून पन्नास वेळा ती आरोळी ऐकून सासूबाईंची मांजरी मेस्त्रींना बघताच परसात पळू लागली. शेवटच्या दिवशी त्यांनी पातळ तेलाची एक छोटी बाटली दिली. महिन्यातून एक थेंब खटक्याला, बास. "खोबऱ्याचां त्याल घालू नको." हे त्यांनी तीनदा सांगितलं. तीनदा, मला पक्कं आठवतंय.

मार्गशीर्षात मोहर आला आणि मी सहा झाडांवर सहा डबे टांगले. पहिला डबा वाजला तेव्हा टोळीतला दांडगा केडला फांदीवरून असा उडाला की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. महिनाभरात माकडं आमच्या कुंपणावर बसून विचार करू लागली. आबा रोज येऊन कलमं बघून जात.

आणि मग मी ती चूक केली. तेलाची बाटली मांजरीने लवंडली. गाव तीन मैल लांब. घरात आमच्याच माडांच्या खोबऱ्याचं, घाण्यावरचं, पांढरंशुभ्र काढलेलं तेल. आमच्याकडे खोबरेल डोक्याला, दिव्याला, गुडघ्याला, दाराच्या बिजागरीला आणि पोळ्याच्या तव्याला. ज्याला एवढं सगळं चालतं ते बंदुकीला चालू नये, हे मला त्या तेलाचा अपमान केल्यासारखं वाटलं. थेंबाच्या जागी मी चांगली धार सोडली. थंडीच्या सकाळी तेच तेल केसांना लावायला मी रोज बाटली उन्हात ठेवून वितळवत होते, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

पौषातली कडाक्याची सकाळ होती. टोळी मोठ्या कलमावर आली. मी नळी मोडली, छर्रा ठेवायला अंगठा पुढे नेला आणि बंदूक आपोआप सुटली. नळी उसळली. डावा हात नळीवर होता. सगळा झटका त्या हाताने घेतला, मनगट मुरगळलं, कातडी सोलली, पण नळी मिटली नाही. उजव्या हाताची बोटं मी सावकाश बाहेर काढून मोजली. मग तिथेच शेणाने सारवलेल्या खळ्यात म्हणजे अंगणात बसून रडले.

आबा धावत आले, पाठोपाठ शेजारपाजारची माणसं. माझं मनगट बघून आबा म्हणाले, "बायलमाणसाच्या हातात बंदूक दिल्यार दुसरां काय होतलां? आज सांजेकच पत्र टाकतंय." पत्र गेलं असतं तर वैशाखात मी मुंबईला. मी मान खाली घातली, कारण काय घडलंय ते मला तोवर उमजलं होतं.

कोणीतरी मेस्त्रींना आणलं. आमच्या खळ्यात, पाच-सहा माणसांसमोर, त्यांनी हात धुतले, बंदूक मांडीवर घेऊन दोन स्क्रू काढले आणि खटका उघडला. आत पांढरं, थिजलेलं खोबरेल. खटका त्यात रुतून पुरता बसलाच नव्हता. मी त्यांच्या अगदी जवळ होते म्हणून मला दिसलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फडक्याने ते पुसून घेतलं आणि फडकं खिशात घातलं.

"काय झालां?" आबांनी विचारलं.

"खटको अर्धो बसलो. चूक मेस्त्र्याची आसा, आबानू. हिची नाय." आणि मग माझ्याकडे बोट न दाखवता, नुसत्या हनुवटीने दाखवत म्हणाले, "हिचो हात नळयेर होतो म्हणान बोटां ऱ्हवली. तुमच्यातल्या कोणाचो ऱ्हवता काय सांगा."

आबा स्वतः नळी हाताने न धरता नुसती मांडीवर टेकवून छर्रा घालत, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. ते पत्र गेलं नाही. त्या वर्षी आमची कलमं लगडली, ह्यांना मी स्वतः लिहिलं, आणि वैशाखात बिऱ्हाड हलवायचा विषय निघाला नाही तो नाहीच.

पण "तातूने दिलेली बंदूक सुटली" हे गावभर झालं. दोन-तीन हंगाम लोक आपल्या बंदुका सावंतवाडीला नेत होते. मेस्त्री मांगरात कुलपं आणि बत्त्या करत बसत. मी जायची, हात धुवायची, ते मला कोरा चहा द्यायचे. दरवेळी वाटे, आज जाऊन सगळ्यांना सांगावं. मग वाटे, एवढा हंगाम जाऊ दे, आबांचं मन अजून पुरतं निवळलेलं नाही. असे किती हंगाम गेले! माझ्या भित्रेपणाचा मला राग येई, आणि या माणसाविषयी मन भरून येई.

नजर कमी झाली तेव्हा फोंड्याला दिलेल्या मुलीने त्यांना नेलं. मोटार स्टँडवर पोचवायला बरीच मंडळी होती, आबाही होते. तीच पत्र्याची ट्रंक टपावर चढली. मेस्त्री खिडकीशी बसले. आबांना काही वाईट बोलायचं नव्हतं, थट्टेत म्हणाले, "मेस्त्र्या, फोंड्याक बंदुकी करू नको हां. हयसर येक सुटली ती पुरे." माणसं हसली.

माझ्याच्याने राहवेना. "आबानू, ती बंदूक माझ्यामुळे सुटली," मी मोठ्याने म्हटलं. "खटक्यात खोबऱ्याचां त्याल मी घातलंय. ह्येनी माका तीनदा घालू नको म्हणान सांगल्यानी. माझी लाज राखूक ह्ये खोटां बोलले."

आबा माझ्याकडे बघतच राहिले. मेस्त्रींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. ते रागावलेले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना रागावलेलं बघितलं ते तेवढंच.

"मी खोटां बोलूक नाय गो," ते म्हणाले. "तीनदा सांगलंय, खरां. पण कित्याक घालूचां नाय, थंडीत तां थिजता, तां येकदाय सांगूक नाय. सांगलेलां असतां तर तुझ्या हातसून ह्यां झालां नसतां. शिकवणाऱ्याची चूक ती. तेव्हाय मी तांच सांगलंय."

इतकी वर्षं मी त्यांच्या खोट्याचं ओझं वाहत होते, आणि ते खोटं नव्हतंच. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. मी खिडकीचा गज धरून चालू लागले. मेस्त्रींनी माझ्या त्या हातावर आपला हात ठेवला, थोपटला आणि बाजूला केला.

"रडतंस कित्याक हयसर? घराक जा," ते धुरातून ओरडले. "बाग उघडी टाकून इलंस. केडले इले असतले."

मी घरी पोचले तेव्हा खरोखरच आलेले होते.